आडवा वाकवला की तडकणारा पत्रा

यावलच्या चांदभाई पत्रेवाल्यांची थोरली मुलगी नाजमीन धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मॅग्नेशियमवर संशोधन करत होती. धाकटी जरीना लहानपणापासून अधू पायाला आधाराचा लोखंडी कॅलिपर बांधून पाय ओढायची. मॅग्नेशियमचं वजन लोखंडाच्या पाव हिश्श्याहूनही कमी, म्हणून हलक्या कॅलिपरसाठी नाजमीनने तोच धातू धरला होता.

पण हा धातू हट्टी. रोलरमधून लाटला की त्यातले बारीक स्फटिक सगळे एकसारखे आडवे पडतात. मग थंड पत्रा वाकवताना त्यांना सरकायला वावच राहत नाही, पत्रा तडकतो. नाजमीनने थोडं जस्त आणि कॅल्शियम मिसळलं. आता लाटून तापवल्यावर स्फटिक तिरपे होऊ लागले, पत्रा वाकू लागला. मात्र एकाच दिशेने. आडवा वाकवला की तुटायचाच.

"आडव्या चाचण्या अहवालात नकोत," तिचे मार्गदर्शक नवल सर म्हणाले. "कॅलिपर बनवणाऱ्या कंपनीची माणसं येताहेत."

"सर, पोरं पाय कसा मुरडतील ते आपण ठरवणार का?"

"तू फार भावनेत वाहतेस."

नाजमीनच्या कानांतून वाफा निघाल्या. पाहुणे आले त्या दिवशी सरांनी पट्टी सुरेख वाकवून दाखवली, टाळ्या पडल्या. नाजमीन उठली, त्याच पत्र्याची आडवी कापलेली पट्टी तिने सगळ्यांसमोर वाकवली. टक्क! तुकडा पाहुण्यांच्या बशीत पडला.

"हे लेकरांच्या पायांना बांधणार तुम्ही?" तिचा आवाज पार व्हरांड्यात गेला.

बेशिस्तीचं कारण सांगून तिला प्रकल्पातून काढलं. अहवाल तसाच पुढे गेला.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत सुनंदाबाईंचा छोटा रोलिंग कारखाना आहे. सुट्टीच्या दिवशी त्या तो तिला वापरू देऊ लागल्या. रोलर चालवणारे झिपरूभाऊ पहिले कित्येक महिने एकच सांगायचे, "तडकी गया, ताई." ती चिडून पुन्हा भट्टी पेटवायची. शेवटी तिने पत्रा दर वेळी काटकोनात फिरवून लाटायला घेतला, म्हणजे स्फटिक एकाच बाजूला कलणार नाहीत. एका रविवारी झिपरूभाऊंनी उभी कापलेली पट्टी वाकवली, मग आडवी कापलेली वाकवली.

"हाई ते तुटतच नई, ताई!"

नाजमीन तिथेच जमिनीवर बसली. त्याच पत्र्याचा कॅलिपर जरीनाला बांधला. "हलका आहे," जरीना म्हणाली, "पण गुडघ्यापाशी टोचतो." तो अजून दुरुस्त व्हायचाय.

बातमी धुळ्याला पोचली. सरांचा फोन आला, "शेवटी काम आपल्या दोघांचंच ना? शोधनिबंधात दोघांची नावं घालू."

"आधी आडव्या चाचण्या जाहीर करा!" ती इतक्या जोरात ओरडली की झिपरूभाऊंनी रोलर थांबवला. पलीकडून फोन ठेवला गेला.

"चालू करा, भाऊ," ती म्हणाली. "पत्रा गार होतोय."