कठड्याआतली कुत्री

सेंट पॉल चर्चच्या आवारात माझं पुस्तिकांचं दुकान. छापलेली पानं शिवायची आणि विकायची. ॲम्ब्रोज टकवेल हा माझा सर्वांत धार्मिक लेखक, कारण तो दोन्ही बाजूंनी धर्म राखायचा.

त्या वर्षी अख्ख्या इंग्लंडचा मोक्ष एका मेजापाशी अडला होता. प्रभुभोजनाचं मेज चर्चच्या मधोमध असावं, की पूर्वेच्या भिंतीशी, कठडा घालून? बिशप म्हणत, कठडा हवाच, नाहीतर कुत्री येऊन मेजाशी तंगडी वर करतात. ॲम्ब्रोजनं एका निनावी पुस्तिकेत बिशपांना सोलून काढलं. महिन्याभरात स्वतःच्या नावानं त्याच पुस्तिकेला उत्तरही लिहिलं. समोरच्याचं एकेक वाक्य उचलायचं आणि खोडायचं, ही आमच्याकडची रीत. शेवटी त्यानं मागणी केली, की या निनावी नीचाचे कान कापा!

"अरे, जरा जपून," मी म्हटलं.

"मार्जरीबाई, शिव्या सौम्य असल्या की लोकांना धर्म पटत नाही."

बिशपांच्या पदरचे पाद्री, पुस्तकं तपासणारे चॅप्लेनसाहेब, त्यांनी दोन्ही पुस्तिका मागवल्या. मी मेलीनं हौसेनं त्या एकत्र शिवून दिल्या, ताडून बघायला सोयीच्या. देवाशपथ, कुणी खरंच वाचेल असं वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी साहेब दुकानात हजर. ॲम्ब्रोज तिथंच बसलेला.

"टकवेल, 'कठड्यामुळं कुत्री आत येत नाहीत, मग बिशप कसे येतात?' या वाक्याचा तुम्ही दोन पानं समाचार घेतलाय."

"घेणारच, साहेब! असलं घाणेरडं वाक्य!"

"खरंय. फक्त ते त्या पुस्तिकेत कुठंच नाही."

छापणाऱ्यानं घाबरून ते वाक्य गाळलं होतं. स्वतःचं छापलेलं लिखाण ॲम्ब्रोज कधी उघडूनही बघत नसे. उत्तर त्यानं घरच्या हस्तलिखितावरून लिहिलं होतं. जे छापलंच नाही, ते लिहिणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

न्यायालय मात्र दयाळू निघालं. त्याच्याच पुस्तिकेतली शिफारस मान्य झाली. असं भाग्य किती लेखकांना लाभतं? शिवाय दोनांतली एक पुस्तिका राजनिष्ठ होती, म्हणून एकच कान कापला. मी खोड्यापाशी उभी राहून ढसाढसा रडले. दोरा माझा होता.

परवा तो नवं बाड घेऊन आला. उरलेला कान माझ्याकडं करून म्हणाला, "मार्जरीबाई, यापुढं मला वेगवेगळं शिवत जा."