साळ्यानं थंड केलेला फोन

संग्रामपूरला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि बायको घरी स्वयंपाकाचे व्हिडिओ बनवते. सुरुवातीला मी त्याकडे हौस म्हणून पाहिलं. मग अकोला-खामगावच्या बायांचे, पुण्याला राहणाऱ्या वऱ्हाडी पोरींचे निरोप येऊ लागले. कोणाला बेसनाच्या पातोड्या पाहायच्या होत्या, कोणाला कणकेचे रोडगे. दुकानात मला ओळखतात त्याहून जास्त लोक तिला ओळखू लागले. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढे, तिच्या भावामुळे.

एका उन्हाळ्यात तिनं परसात रोडगे लावले. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, ते भाजायला वेळ लागतो आणि तिला सगळं एका दमात टिपायचं होतं. फोन स्टँडवर लावला. वरून ऊन, समोरून आर. रोडगे अर्धे झाले नसतील, तोच पडद्यावर सूचना आली की फोन तापलाय, कॅमेरा बंद होतोय. तिनं तो पदरात धरून पंख्याखाली नेला. फोन निवेपर्यंत रोडगे काढायची वेळ उलटून गेली आणि राख झटकून रोडगा फोडतानाचं, लोक ज्यासाठी थांबतात तेच दृश्य हुकलं.

"नवीन घेऊन टाकू," मी म्हणालो. कोणता घ्यायचा हेही मी मनात ठरवलं होतं. लग्न झाल्यापासून तिनं तोंडानं कधी काही मागितलं नव्हतं, आणि आपल्या हातून तिला काहीतरी मिळावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

"थांबा जरासक," ती म्हणाली. "माहा भाऊ येऊन राह्यला रविवारी. त्याले दाखवू."

तिचं माहेर पिंपळगाव राजा या गावचं. हा धाकटा भाऊ इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून जालन्याला कारखान्यात लागलेला. बोलायला मऊ, जेवायला बसला की ताटातलं सगळं वाखाणणारा. रविवारी तो आला, चहा घेतला आणि लॅपटॉप उघडून बसला.

"ताई, पयले तुहे सारे व्हिडिओ इकडे काढून घेतो," तो म्हणाला. "फोनले कंपनीनं लावलेलं कुलूप उघडलं का आतलं सारं पुसून जाते. अन् वॉरंटी राहत नाही, ते आताच सांगतो."

"वॉरंटी कवाचीच गेली," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून जवळ बसलो. तो नेमकं काय करून राहिलाय ते विचारलं.

"प्रोसेसरले कंपनी जेवढा व्होल्टेज देते ना भाऊजी, तो जरा जास्तच असते," तो म्हणाला. "साऱ्या चिपा सारख्या निघत नाहीत. त्यातली कमजोर चिपही चालली पायजे, म्हणून सरसकट जास्त देतात. ताईची चिप चांगली असली तर कमी व्होल्टेजवर तेवढंच काम करीन अन् कमी तापीन. पण एकदम उतरवाचा नाही. एक पायरी उतरवली का तपासाचं, मंग दुसरी."

तसंच केलं त्यानं. एक पायरी उतरवायची, कॅमेरा चालू करून फोन उन्हात ठेवायचा, मग हात लावून पाहायचा. बायको त्याच्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि दर वेळी ती पण हात लावून पाहायची. दोघं लहानपणचं काहीबाही आठवून हसत होते. तिचं तसं हसणं मी आमच्या घरात क्वचितच ऐकलं होतं. मी उठून पाण्याचा माठ भरून आलो. माठ रिकामा नव्हता.

पुढच्या वेळी रोडगे सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपले गेले. व्हिडिओत शेवटी ती म्हणाली, "माह्या भावानं फोन असा थंड करून देला, का आता चुलीपुढंही बंद पडत नाही." शेजारच्या बाया तेवढंच बोलू लागल्या. भाऊ असावा तर असा. नव्या फोनची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. मी पण नाही.

एक खोट मला सापडली. त्या दिवसापासून तिच्या फोनवर पैसे पाठवायचं ॲप उघडेना. कुलूप उघडलेल्या फोनवर ते चालत नाही. मी ते तिला जरा चवीनं सांगितलं.

"पैसे तर तुमीच देता," ती म्हणाली आणि कांदा चिरत राहिली.

दुकानाच्या गल्ल्याखाली माझा एक जुना फोन पडून होता. मनात आलं, त्यानं उतरवून दाखवलं, मी चढवून दाखवतो. थंड फोनचं काय कौतुक, वेगवान फोन पाहून ती म्हणेल तरी की तुमालेही येते. त्या आठवड्यात गिऱ्हाईक कमी होतं. व्हिडिओ पाहून पाहून मी कुलूप उघडलं, प्रोसेसरचा वेग एका झटक्यात सगळ्यात वरच्या आकड्यावर नेला आणि फोन सुरू होताना हेच लागू कर, या चौकोनातही खूण केली. फोन अडकला. आपोआप बंद झाला, सुरू झाला, कंपनीच्या चिन्हापाशी परत अडकला. असाच फिरत राहिला आणि हाताला चटका बसेल इतका तापला.

बराच वेळ मी विचार केला. मग साळ्यालाच फोन लावला.

"त्या चौकोनात खूण केली होती का, भाऊजी?"

"हो."

"मंग तो दरवेळी तेच लावते अन् तिथंच मरते. तपासून होईस्तोवर तिथं खूण नाही कराची. अन् वेग वाढवला का व्होल्टेज वाढवा लागते, व्होल्टेज वाढला का ताप वाढते. आपल्याकडच्या उन्हात त्याच्यात काही फायदा नाही. थांबा, सांगतो तसं करा."

कोणती बटणं धरायची, कंपनीचं मूळचं सॉफ्टवेअर पुन्हा कसं चढवायचं, ते त्यानं न कंटाळता सांगितलं. फोन सुरू झाला.

"ताईले नोका सांगू," मी म्हणालो.

"कायले सांगू?" तो म्हणाला. तो हसलासुद्धा नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी अधूनमधून त्याला फोन करू लागलो. वेग वाढवायचा नाद सोडला आणि व्होल्टेज पायरी पायरीनं उतरवायला शिकलो. कुठवर उतरतो, कुठे अडखळतो, मग एक पायरी मागे येऊन कसं थांबायचं, हे हाताला कळू लागलं.

दिवाळीच्या आधी तिचा फोन बिघडला. चकल्यांचा व्हिडिओ जोडून तयार करताना शेवटाला आला की फोन आपोआप बंद होऊन सुरू व्हायचा. भाऊ ड्युटीवर, त्याचा फोन बंद. ती कढई उतरवून डोक्याला हात लावून बसली.

"आण, पाहतो," मी म्हणालो.

"तुमाले येते?"

मी फोन तिच्या हातातून घेतला. जास्त काम पडलं की कमी व्होल्टेज पुरत नाही, हे मला ठाऊक झालं होतं. प्रोसेसरच्या वरच्या वेगांना मिळणारा व्होल्टेज मी एक पायरी चढवला आणि व्हिडिओ परत लावला. पुन्हा अडकला. आणखी एक पायरी चढवली. या वेळी व्हिडिओ पुरा झाला. फोन आधीपेक्षा जरा कोमट होता, पण चालत होता.

संध्याकाळी तिनं भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं.

"मीच जास्त उतरवला होता," तो म्हणाला. "भाऊजींनी बरोबर केलं. मी असतो तर हेच केलं असतं."

"त्याइले कोणं शिकवलं?"

तो हातातला फोन सारखा करू लागला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "तूच शिकवलं असन," ती म्हणाली. "माह्या भावानं सांगतलं तर कोणालेही जमते."

मी चकलीचा तुकडा मोडला आणि चावत राहिलो. चूक कबूल करून त्यानं मलाच मोठेपणा दिला होता आणि तोही फिरून त्याच्याच पदरात पडला होता. त्या रात्री मी तिच्याशी नीट बोललो नाही.

अलीकडे साळ्यानं स्वतःसाठी एक जुना फोन घेतलाय आणि त्याच्यावर काही ना काही करत असतो. काही अडलं की मला विचारतो, अडलं नसलं तरी विचारतो. परवा जेवताना त्याचा फोन आला.

"कोण हाय?" तिनं विचारलं.

"तुहा भाऊ."

तिनं हात पुसून पुढे केला. मी म्हणालो, "थांब, कामाचं बोलून राह्यलो."

आमचं बोलणं लांबलं. मी फोन ठेवला तेव्हा तिचं ताट तसंच होतं.

"मले महिना महिना फोन नाही," ती म्हणाली, "अन् तुमच्यासंग घंटा घंटा काय बोलते थो?"

मी तिला व्होल्टेजचं सांगू लागलो. तिनं ऐकून घेतलं नाही.