बेचाळीस कलमांची यादी

माझ्याकडे बेचाळीस कलमांची यादी होती, हे आधीच सांगून टाकतो. पासपोर्ट, व्हिसाच्या झेरॉक्स, इटलीतल्या जेनोआच्या हॉटेलचा पत्ता, लेकीला गाडी लागली तर पिशव्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. प्रत्येक कलमापुढे खूण करायला एक चौकोन. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये सहा वर्षं काढली की माणूस सायकलने फिरतो आणि चौकोनांत खुणा करतो, त्याला इलाज नाही.

हा सगळा खटाटोप आप्पांसाठी होता. आप्पा म्हणजे माझे सासरे, साताऱ्याच्या एसटी डेपोतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. लग्न ठरताना त्यांनी माझ्याबद्दल एकच शेरा मारला होता: "मुलगा हुशार आहे, पण वेंधळा वाटतो." मेधाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, तो मला साखरपुड्यानंतर सांगितला (आधी सांगायला ती वेंधळी नव्हती). आठ वर्षं मी तो शेरा पुसायच्या मागे होतो. आता सासूबाईंनी गुडघ्यांचं कारण काढलं म्हणून आप्पा एकटेच आमच्याकडे आले होते, आणि त्यांना भूमध्य समुद्र बघायचा होता. गाडी भाड्याने घ्यायची, मी चालवायची, एका दिवसात जेनोआ गाठायचं आणि संध्याकाळी त्यांच्या तोंडून "वा" ऐकायचं, असा बेत होता.

वर्ष दोन हजार सहा, महिना जुलै. फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीतच चालू होता आणि आदल्याच रात्री उपांत्य सामन्यात इटलीने अगदी शेवटी दोन गोल मारून जर्मनीला बाहेर काढलं होतं. त्यामुळे सकाळी गाडी घ्यायला गेलो, तेव्हा भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसातले हेर (म्हणजे श्रीयुत) क्राउझं घरात काहीतरी झाल्यासारखे बसले होते. मी जेनोआला जातोय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

गाडी मात्र कोरी करकरीत होती, आतून सायीच्या रंगाची. हेर क्राउझं प्रोटोकोलचा कागद घेऊन बाहेर आले. गाडीवर आधीपासून असलेले ओरखडे आणि पोचे त्या कागदावर लिहायचे, म्हणजे नंतर आपल्या गळ्यात पडत नाहीत. आप्पांना ही पद्धत फारच आवडली. त्यांनी पायजमा वर खोचला, गाडीला प्रदक्षिणा घातली, बोटाच्या पेराने दारं वाजवून पाहिली आणि शेवटी सरळ गाडीखाली शिरले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला जर्मन, तरी दोघांचं छान जमलं. हेर क्राउझंना न दिसलेला एक ओरखडा आप्पांनी बोटाने दाखवला, तेव्हा त्या माणसाच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. "गेनाऊ!" (म्हणजे अगदी बरोबर) असं म्हणून त्यांनी तो लिहून घेतला. आप्पांनीही वर बघून "गेनाऊ" म्हटलं.

तेवढ्यात मला ती सायीच्या रंगाची मॅट दिसली आणि मी हुकूम सोडला, की चपला-बूट काढून गाडीत बसायचं. मेधाने कपाळाला आठ्या घातल्या. आप्पा मात्र थबकले. नव्या गाडीत पहिल्यांदा बसताना पायताण बाहेर काढायचं, हा त्यांचा जन्माचा नेम होता. डेपोत नवीन बस आली की ते स्वतः चपला काढून, स्टिअरिंगला हात लावून पाया पडत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे मात्र बरोबर केलंत, जावईबापू."

आठ वर्षांत पहिल्यांदा! मी इतका फुगलो, की चपलांचं मी बघतो, तुम्ही बसा, असं सगळ्यांना सांगून टाकलं. चारही जोड्या मी स्वतःच्या हाताने ऑफिसच्या भिंतीला लावून ओळीने ठेवल्या, टाचा भिंतीकडे, लेकीचे गुलाबी सँडल शेवटी. तिथून उचलून त्या डिकीत टाकायच्या होत्या. मग हेर क्राउझंनी सहीला बोलावलं. मी सही केली, किल्ली घेतली आणि गाडी सुरू केली.

फाटकातून बाहेर पडताना आमची पाच वर्षांची ईशा मागून म्हणाली, "पापा, दी शूऽअं!" (तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं.) गाडीत शूज घालायचे नसतात, असं मी तिला समजावलं. तिने पुन्हा तेच म्हटलं. मी पुन्हा तेच समजावलं. मग तिने हात टेकले आणि झोपून गेली.

पहिला थांबा ऑस्ट्रियाच्या सीमेआधीच्या पेट्रोल पंपावर. तिथे टोलचं स्टिकर घ्यायचं होतं, कलम सतरा. मी दार उघडलं, पाय खाली ठेवला आणि भर दुपारच्या डांबराने तो परत वर पाठवला. डिकी उघडली. बॅगा, दशम्या, छत्र्या, सगळं होतं. बॅगा खाली काढून पाहिलं, स्टेपनीची झाकणी उघडून पाहिली. आप्पा खिडकीतून मान काढून बघत होते. "काय शोधताय?" असं त्यांनी तीनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा मला खरं सांगावं लागलं.

त्यांनी मान आत घेतली आणि काच वर केली. बोलले असते तर बरं झालं असतं. मी हेर क्राउझंना फोन लावला. जोड्या आत आणून ठेवल्यात, काळजी करू नका, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. परत जाऊन आणायच्या तर जेनोआ राहिलं असतं. म्हणून मी टाचांवर उड्या मारत पंपाच्या दुकानात गेलो. तिथे पायात घालण्यासारखी एकच वस्तू होती: काळ्या-लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या, जर्मन झेंड्याच्या रबरी स्लिपर. कालपर्यंत धडाधड खपत होत्या, असं काउंटरवरची बाई सुस्कारा टाकून म्हणाली. आता पंचेचाळीस नंबर, म्हणजे सगळ्यांत मोठं माप, तेवढं उरलं होतं. मी चार जोड उचलले.

तर संध्याकाळी जेनोआत आम्ही असे उतरलो. गावभर निळे शर्ट, प्रत्येक गॅलरीत इटलीचा झेंडा, गाड्यांचे भोंगे, आणि त्यातून फटक-फटक चालत येणारं साताऱ्या-पुण्याचं एक कुटुंब, पायात हरलेल्या देशाचे झेंडे! दुकानं बंद झाली होती, म्हणून तसेच जेवायला गेलो. खानावळीच्या मालकाने आमच्या पायांकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा उठून आले आणि आप्पांचा खांदा थोपटून गेले. मग आणखी दोघं आले. मालकाने न मागता गोडाची एक बशी आणून ठेवली.

आप्पांनी वाकून मला विचारलं, "हे लोक समाचाराला का येतायत? कोण गेलं?"

जर्मनी गेली, असं मी सांगितलं. आप्पांनी विचार केला. नंतर जो जो येईल त्याला ते गंभीरपणे हात जोडू लागले, दहाव्याला जोडतात तसे. मेधा रुमालात तोंड खुपसून हसत होती. मला मात्र खरंच रडू येत होतं. एका "बरोबर केलंत"साठी आठ वर्षं लागली होती आणि तीन तासांत ते हातचं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर गेलो. आप्पा बराच वेळ नुसते बघत राहिले. पाणी इतकं निळं कसं, भरती-ओहोटी दिसत कशी नाही, खारट आपल्याएवढंच आहे का, असं सगळं विचारून झालं आणि शेवटचं त्यांनी चाखूनही पाहिलं. मग पाण्यात उतरायला स्लिपर काढल्या आणि नातीला जवळ बोलावून म्हणाले, "ईशा, इथे बस आणि चपलांवर लक्ष ठेव. पप्पांना सांगू नकोस."

"गेनाऊ," ईशा म्हणाली.

चार दिवसांनी गाडी परत केली. इतकी स्वच्छ गाडी इतक्या वर्षांत कुणी परत केली नव्हती, असं हेर क्राउझं म्हणाले. मग त्यांनी कपाटातून आमच्या जोड्या काढल्या आणि सोबत एक कागद: चार जोड्या, एका जोडीची डावी टाच झिजलेली, दुसरीचा अंगठा शिवलेला. आप्पांनी चपला उलट्या करून एकेक नोंद तपासली आणि ऐटीत सही ठोकली.

त्या संध्याकाळी आप्पा सासूबाईंशी फोनवर बोलत होते. मी दाराशीच होतो, म्हणून ऐकू आलं. "हो, छान झाली ट्रिप. गाडीवर एक ओरखडा नाही आला. जावयाला आहेत दोन-चार पोचे, पण ते आपण लग्नाआधीच लिहून ठेवले होते."

मी दाराबाहेरच्या चार जोड्या मोजत होतो, तिसऱ्यांदा.