चिलटांना किती जीव द्यायचा

आप्पांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तेव्हा असंच निजवायचे, आठ दिवस, उताणं. खोकायचं नाही, मान वळवायची नाही, हसायचंसुद्धा नाही. आणि आमचे आप्पा कसले! हायस्कुलात गणित शिकवणारा माणूस, उभ्या जन्मात पाच मिनिटं एका जागी टेकला नव्हता. त्यांचा डावा डोळा लहानपणीच मंद्रूपच्या रानात ज्वारीचं धाट लागून गेलेला. राहिला होता तो हा एकच.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी आईला आणि मला व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, "डोळ्याच्या आतलं पाणी थोडं बाहेर आलं. नजर किती येईल, येईल का, आत्ता सांगता येत नाही. पण आता झटका बसला तर उरलीसुरली आशाही जाईल. त्यांना यातलं काही बोलू नका. माणूस घाबरला की हलतो."

"तू बस त्यांच्याजवळ," आई मला म्हणाली. "मी बसले तर रडंन." मग ती डबा घेऊन दोन वेळा यायची, मऊ भात भरवायची आणि मुकाट्यानं जायची.

मी सतरा वर्षांची होते, कॉलेजला मे महिन्याची सुट्टी होती. सोलापूरचा मे! पत्रा तापून खोलीची भट्टी व्हायची, मागच्या गल्लीत मागांची खटखट चालू असायची आणि आप्पा गिरणीच्या प्रत्येक भोंग्याला विचारायचे, "किती वाजले? डॉक्टर काय म्हनले?" मी म्हणायचे, "चांगलं हाय म्हनले." असं किती वेळा म्हणणार? मला दुसरं काहीतरी लागणार होतं, म्हणून मी कवड्या काढल्या.

खेळ माझ्या मामेभावाचा. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता. होस्टेलात परदेशातून आलेल्या कुणा पोराकडं त्यानं तो पाहिला होता. एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं त्या गोष्टीतला वीर व्हायचं. तू किल्ल्याच्या दारात आहेस, डावीकडं भुयार आहे, काय करतोस? लढाई लागली की फासे टाकायचे. तसले फासे आम्हाला कुठले मिळायला? आम्ही सहा कवड्या घेतल्या. जितक्या उताण्या पडतील तितकं दान. चार किंवा वर पडलं की घाव लागला. वीराला बारा जीव, आणि राक्षसांना किती ते गोष्ट सांगणारानं ठरवायचं.

"पोरखेळ!" आप्पा म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "बरं, माझ्याकडं हत्यार कुटलं हाय?"

पहिल्या दिवशी मी एकच धिप्पाड राक्षस आणला, तीस जिवांचा. आप्पांनी आपला शिलेदार अरुंद दारात उभा केला आणि गणित मांडलं. "एका घावाला एक जीव, तीन दानांत एक घाव. म्हंजे नव्वद वेळा कवड्या टाकायच्या. ह्यात डोकं कुटं लागलं?" आणि बोलता बोलता हात पट्टीकडं गेला. "हितं लई खाजतंय." मी झडप घालून मनगट धरलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी चिलटं आणली. गुडघ्याएवढे राक्षस, एकेका जिवाचे, फुंकर मारली तर पडावेत असले. बिचारे किरकोळ म्हणून एकदम दहा सोडले. माझी अक्कल बघा! शिलेदार एकदा कवड्या टाकणार आणि ते दहा जण दहादा. थेंबे थेंबे तळे साचे हे शाळेत पाठ केलं होतं, पण राक्षसांना लावायचं सुचलं नाही. तिसऱ्या फेरीला शिलेदाराकडं तीन जीव राहिले. मी मेली रंगात येऊन म्हणाले, "आणि मागच्या बाजूनं चौघं!"

"आरं, मागं कुटनं आले?" आप्पांनी झटक्यात मान उचलली. वाळूची पिशवी धप्पकन खाली पडली.

नर्स धावत आली, डॉक्टर आले. त्यांनी पट्टी सोडून बॅटरीनं पाहिलं, पुन्हा बांधली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेले. त्या न बोलण्यानं मी अर्धी मेले.

खेळ बंद करावा तर आप्पांचा हात पट्टीकडं आणि तोंडात डॉक्टर. चालू ठेवावा तर मान उचलायची भीती. आगीतून उठून फुफाट्यात! मग मी वही घेऊन बसले. दहाची सहा चिलटं केली. एका वेळी दोघांनीच पुढं यायचं, मशालीला भ्यायचं, मागून कुणी यायचं नाही. आप्पांना विचार करावा लागला पाहिजे, पण दचकायला नको. इतकं मी परीक्षेलासुद्धा कधी डोकं लावलं नव्हतं.

तरी कवड्या त्या कवड्याच. त्यांना डोळा कळतो का डॉक्टर? तिसऱ्या दिवशी चिलटांना ओळीनं चार, पाच, चार पडले. मला आप्पांच्या मानेची शीर ताठलेली दिसली आणि मी खोटं बोलले. पाच पडल्या तर म्हणाले, "दोन." मग सुटलेच. दान पडलं की आधी आप्पांच्या मानेकडं बघायचं आणि मग आकडा सांगायचा. दोन दिवसांत शिलेदाराला जेमतेम एकदोन ओरखडे उठले. आप्पा कसे शांत पडून होते! मला वाटलं, जमलं.

पाचव्या दिवशी दुपारी ते हळूच म्हणाले, "थांब. तिनात एक घाव लागाय पायजे. कालपासनं तुझ्या चिलटांनी चाळीसदा कवड्या टाकल्या. घाव दोनच. मी चादरीखाली बोटं मोजतोय."

मी म्हटलं, "नशीब तुमचं."

"इतकं नशीब आपल्या खानदानात कुणाला न्हाय. टाक माझ्या हातावर."

त्यांनी पंजा उघडला. मी कवड्या सोडल्या. त्यांनी अंगठ्यानं एकेक चाचपली. "किती?"

"पाच," मी म्हणाले.

"व्हय. पाच." त्यांनी मूठ मिटली. "कवड्यांत खोटं बोललीस ते मला जपायला. मग डॉक्टर काय म्हनले, त्यातलं किती खरं?"

मागांची खटखट एकाएकी कानात घण घातल्यासारखी वाजायला लागली. खरं सांगावं तर हे उसळणार. खोटं सांगावं तर आता कळणार, आणि तरीही उसळणार. मला डॉक्टरांचा राग आला, आईचा आला, स्वतःचा तर इतका आला की ओरडावंसं वाटलं.

"मी हलंन म्हनून गप हाईस व्हय?" आप्पा म्हणाले. "अगं, काय चाललंय ते कळंना, म्हनून तर माझं मन जागेवर न्हाय. सांग की."

मी उठले, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं घट्ट धरलं आणि सगळं सांगितलं. पाणी बाहेर आलं ते, नजर येईल का नाही ते, सगळं. माझ्या तळव्यांखाली त्यांची कानशिलं थाडथाड उडत होती. पण मान हलली नाही, तसूभरही नाही.

त्यांनी विचारलं, "तुज्या आईला ठावं हाय?"

"व्हय. ती होती की तिथंच."

"म्हनून गप असती तर." मग म्हणाले, "मला कळलंय हे तिला सांगू नको. तिच्या जिवाला घोर लागंल."

"आणि माझ्या?" मी फाडकन बोलले. "मला जीव न्हाय? तिच्याशी खोटं, तुमच्याशी खोटं, मी एकटीनं किती दिशेला तोंड करायचं?" आणि रडायलाच लागले.

"रड," आप्पा म्हणाले. "तुला झेपतंय म्हनून तुलाच इचारलं. तिला इचारलं नसतं."

संध्याकाळी आई डबा घेऊन आली. आप्पा वर्गात बोलायचे तसे खणखणीत बोलले, "अगं, डॉक्टर आत्ता येऊन गेले. पट्टी सुटली की पेपर वाचा म्हनले!" आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. तिनं डबा उघडला, भात कालवला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा शेजारणींच्या चार गोष्टी सांगितल्या.

पट्टी सोडायच्या दिवशी आप्पांनी मला पहाटेच विचारलं, "आज ती काय नेसून येणार?"

मला कळलं त्यांना काय करायचंय ते. आदल्या संध्याकाळी घरातून निघताना मी पाहिलं होतं, आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं. तसं सांगितलं.

दहा वाजता डॉक्टरांनी पट्टी सोडली, कापसानं डोळा पुसला. आप्पांनी पापणी उघडली. मी त्यांच्या बुबुळाकडं बघत होते. ते खिडकीच्या उजेडाकडं वळलं आणि तिथंच राहिलं.

तेवढ्यात दार वाजलं, आईच्या बांगड्या वाजल्या. मी वळून पाहिलं. आई जांभळं नेसून आली होती. आता मी बोलणार तरी कशी?

डॉक्टरांनी विचारलं, "गुरुजी, दारात कोण आहे?"

"ही की आमची," आप्पा हसून म्हणाले. "हिरवं लुगडं नेसलीय."

डॉक्टरांनी मान खाली घातली. आई दारातच थांबली होती. तिनं एकदा अंगावरच्या लुगड्याकडं पाहिलं, एकदा आप्पांकडं. मग ती पुढं आली, कॉटवर त्यांच्याजवळ बसली आणि पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"व्हय," आई म्हणाली. "हिरवंच हाय."