न आखलेला मुक्काम

देवावरचा माझा विश्वास उडाला होता, असे म्हटले तर ते खरे होणार नाही. मी फक्त त्याच्याशी बोलणे सोडले होते. सकाळी देवपूजा होई, निरांजन लागे, सोमवारचा उपास चुकत नसे. पण हात जोडून उभी राहिले की मनात शब्द येत नसे. अकोल्यास आमच्या घरी तेव्हा फार शांतता असे, आणि ती मला नकोशी झाली होती. ज्या माणसाच्या आवाजाने एकेकाळी कोर्ट भरून जाई, त्या माणसाची वाचा अर्धांगवायूने गेली होती. उजवे अंग लुळे पडले होते. हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि मी व सासूबाई आळीपाळीने त्यांच्या उशाशी बसत असू.

ह्यांना पहिल्यापासून डोंगरांचे वेड. वकिली सांभाळून सुटी मिळाली की चिखलदरा, गाविलगड असे पायी भटकून येत. मोठ्या महादेवाच्या, म्हणजे पचमढीकडच्या चौरागडाच्या शिखरावर मोर्शीहून पायी जायचे, हे त्यांच्या मनात कित्येक वर्षे होते. आमच्या वऱ्हाडातून शिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन हजारो माणसे तिथे जातात. पण हे भाविक नव्हते. "मला देव नको, डोंगर हवा," असे हसून म्हणायचे. त्यासाठी त्यांनी सरकारी मोजणीचे नकाशे मिळवले होते. ते पसरून बसले की मी कंटाळून उठून जात असे. त्या उठून जाण्याचे पुढे मला फार वाईट वाटले.

दुखण्याला सहा-सात महिने झाल्यावर एकदा मी त्यांचे टेबल आवरीत होते. नकाशांना कसर लागू नये म्हणून ते झटकायला खाटेवर पसरले. एवढ्यात ह्यांचा डावा हात हळूच आला आणि त्याने नकाशाचा कोपरा धरून ठेवला. मी पाहिले तर डोळे उघडे होते, आणि त्यांत कित्येक दिवसांनी काहीतरी हलत होते.

त्या दिवसापासून आमचा अभ्यास सुरू झाला. नकाशावर रेघा दाट असतील तिथे चढ उभा, विरळ असतील तिथे सपाटी, निळा धागा म्हणजे ओढा, हे सगळे ते मला एका बोटाने शिकवीत. मी वाट सुचवायची. चुकली की ते मान हलवीत, बरोबर असली की बोट दोनदा टेकवीत. मोर्शी, तिथून सालबर्डी, मग सातपुड्यातली खेडी, जुन्नरदेव, आणि पुढे रानातून शिखराचा पायथा. मुक्काम कुठे, पाणी कुठे, कोणत्या दिवशी किती कोस, पाठीवर पीठ किती आणि घोंगडी कुठली, सारे मी वहीत लिहीत गेले. मला वाटे, हा खेळच आहे. पण त्या खेळापायी ते भिंतीकडे पाहायचे विसरले होते. मला तेवढे पुरे होते.

शेवटचा मुक्काम लिहून झाला आणि मी वही मिटली, तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बोट केले. ओठ बराच वेळ हलले. मग आवाज आला.

"तू."

दुखणे आल्यानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द.

मी रडले, नाही म्हणाले. आजारी नवऱ्याला टाकून डोंगर चढायला जाणाऱ्या बाईला जग काय म्हणेल? पण दारात उभ्या असलेल्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जा गं. तुझा नवरा व्हायच्या आधीपासून तो माझा मुलगा आहे. मी बघते त्याला."

मोर्शीजवळच्या एका खेड्यातून दरवर्षी वीसेक माणसे महादेवाला जात. त्यांतल्या पारबताबाईंच्या शेताचा दावा ह्यांनी कधीकाळी चालवला होता. पन्नाशीची, काटक, काळ्या मातीत उभा जन्म गेलेली बाई. त्या मला घ्यायला लॉरीच्या थांब्यावर आल्या, आणि माझ्या हातातली नकाशाची पत्र्याची नळी पाहून म्हणाल्या, "हे काय व वकीलीनबाई? कागुद पाहून कोनी महादेवाले जाते काय? तो बलावते तवा रस्ता दिसते."

मी नळी काखेत घट्ट धरली. चालायला लागल्यावर कागदच खरा ठरू लागला. ह्यांनी बोट ठेवले होते तिथे ओढा निघे, त्यांनी मान हलवली होती तो चढ खरोखरच जीवघेणा असे. पहिल्या मुक्कामी हसणारी माणसे पाचव्या मुक्कामी सकाळी मलाच विचारू लागली, "आज पानी कुठी हाये जी?" मला अभिमान वाटे. माझा स्वयंपाक मी वेगळ्या चुलीवर करी, पाणी माझे मीच भरी. सोवळ्यात वाढलेली मी, दुसऱ्याच्या हातचे काही घेत नसे. पारबताबाईंना त्याचा राग नव्हता. "तुमचं तुमच्यापाशी," म्हणत आणि माझ्या चुलीसाठी काटक्या मात्र आणून टाकीत.

जुन्नरदेवाच्या पुढे रानात माझ्या टाचेत काटा मोडला. मी कुणाला सांगितले नाही. वहीत लिहिल्याप्रमाणे चतुर्दशीला, म्हणजे ऐन शिवरात्रीला, शिखर गाठायचे होते. एक दिवस चुकला तर ह्यांनी एका बोटाने उभे केलेले सगळे कोसळेल, असे मला वाटत होते. दोन दिवस मी तशीच चालले. बारशीच्या दुपारी पाय एवढा सुजला की वहाणेत मावेना. अंगात ताप भरला आणि एका उतारावर मी खाली बसले ती उठलेच नाही.

माणसे थांबली, घुटमळली. शिवरात्र परवावर आलेली. त्यांचेही नवस होते. मीच म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. पारबताबाई मात्र माझ्या शेजारी बसकण मारून बसल्या. मी त्यांनाही जा म्हणाले तेव्हा त्या उसळल्या, "काहून जाऊ? तुमाले असं रानात टाकून महादेवाले तोंड कोनतं दावू मी?"

नकाशात जवळच एक ओढा होता. तो कोरडा निघाला. पारबताबाई लोटा घेऊन पाणी शोधायला गेल्या आणि मी मोहाच्या झाडाखाली एकटी उरले. अंग फणफणले होते, घशाला कोरड पडली होती. वही उघडली तर अक्षरे हलताना दिसू लागली. तेव्हा कित्येक महिन्यांनी मी देवाशी बोलले. ती प्रार्थना नव्हती, भांडण होते. म्हणाले, "मला जेवढे येत होते तेवढे मी केले. त्यांचे केले, तुझे केले. आता माझ्याने होत नाही. आता तूच बघ." आणि वही मिटून बाजूला ठेवली.

किती वेळ गेला कळले नाही. पाचोळा वाजला. डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी गोंडीण मोहाची फुले वेचीत माझ्याच झाडापाशी आली होती. तिने मला पाहिले, टोपली ठेवली आणि माझी जात, गाव, नाव काही न विचारता समोर मांडी घालून बसली. माझा सुजलेला पाय उचलून तिने स्वतःच्या मांडीवर घेतला. मी संकोचाने ओढू लागले, तर तिने घट्ट धरला. बाभळीच्या लांब काट्याने तिने टाचेतला काटा कोरून काढला, पू दाबून काढला. मी ओरडले तेव्हा लहान मुलाला करतात तसे "हो गया, हो गया" म्हणत राहिली.

तोवर पारबताबाई रिकामा लोटा घेऊन परतल्या. म्हातारीने हाताने खूण केली, आणि दोघींनी मला उचलत-धरत तिच्या झोपडीपर्यंत नेले. झोपडी उताराच्या पलीकडेच होती. ती कोणत्याही नकाशात नव्हती. तिने कसलीशी पाने गरम करून टाचेवर बांधली आणि पानाच्या द्रोणात कुटकी म्हणतात त्या बारीक धान्याची पातळ पेज माझ्यापुढे धरली. पारबताबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी द्रोण दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायले. आणखी मागून प्यायले.

दुसऱ्या दिवशी ताप उतरताच मी निघायची घाई केली. म्हातारीने मला खांद्याला धरून परत खाली बसवले. म्हणाली, "आज मत चल, बेटी. बड़ा देव कहीं भागा जा रहा है क्या?"

मी बसले. आणि मग आडवी झाले. ती माझ्या कपाळावरून खरबरीत हात फिरवीत होती. वर्षभर मी एका माणसाच्या उशाशी बसले होते. माझ्या उशाशी कुणी बसावे, हे मला सुचलेसुद्धा नव्हते. तो सबंध दिवस मी झोपले. जागी झाले की पेज, पुन्हा झोप. निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले तर ती दचकून मागे सरली आणि हसू लागली. तिचे नाव विचारायचे राहूनच गेले.

आम्ही शिखरावर पोचलो ती अमावस्या होती. शिवरात्र होऊन गेली होती, गर्दी उतरून गेली होती. वर पुजारी आदल्या दिवसाचा बेल झाडून काढीत होता. हजारो त्रिशूळ एकमेकांना टेकून उभे होते, त्यांतून वारा वाहत होता, आणि चारी दिशांना निळे डोंगर. घरून पाठीवरच्या गाठोड्यात आणलेला माझा लहानसा त्रिशूळ मी त्यांत रोवला. ह्यांची वाचा मागायची, असे घरून ठरवून निघाले होते. तिथे उभी राहिले आणि काही मागायचे आठवलेच नाही. डोळे वाहू लागले. पारबताबाई म्हणाल्या, "रडा, रडा. आज गर्दी नाही, तो निवांत ऐकून रायला."

पिपरियाहून आगगाडीने घरी आले. वाटभर एकच धास्ती, की आपली आखणी चुकली हे ह्यांना कसे सांगावे. खाटेजवळ बसून मी पायाचे, तापाचे, झोपडीचे सारे सांगितले. ऐकता ऐकता ह्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी सासूबाईंकडे पाहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू गेल्यावर हा रोज घरी राहिलेल्या दुसऱ्या नकाशावर बोटाने तुझ्याबरोबर चालत होता. एक दिवस एकदम कासावीस झाला, खाटेवर हात आपटू लागला. एकेका मुक्कामावर बोट ठेवी आणि मान हलवी; कितीतरी वेळाने मला उमगले. सगळे मुक्काम लिहिले, पण विसाव्याचा एक दिवस ठेवायचा राहिला, असे त्याला सांगायचे होते. आता निरोप तरी कसा धाडावा? मग देवघराकडे बोट केले. मी त्याचा लुळा हात उचलून डाव्या हाताला लावून धरला. जन्मात पहिल्यांदा हात जोडले त्याने."

"कोणत्या दिवशी?" मी विचारले.

"बारस होती. मी एकादशी सोडून नुकतीच उठले होते. दुपारची वेळ."

मी ह्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "मिळाला?" दोन वेळा अडखळून म्हणाले. मी म्हटले, "मिळाला. सबंध दिवस मिळाला."

यात काय होते ते मला ठाऊक नाही. योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ह्यांचे अंग पुन्हा पहिल्यासारखे झाले नाही; थोडे शब्द परत आले, ते आम्हाला पुरले. मला वाटायचे, शरण जायचे म्हणजे काहीतरी मोठे अर्पण करायचे, कठीण व्रत पुरे करायचे. चौरागडच्या वाटेवर मला कळले ते फार साधे होते. आपला दुखरा पाय कुणी मायेने मांडीवर घेतला, तर तो ओढून घेऊ नये. त्या माउलीला, आणि तिला त्या झाडाखाली धाडणाऱ्याला, माझा रोजचा नमस्कार असतो.