धनेश आणि टायरची हवा

गॅरेजवाल्याशी लग्न केलं की सुट्टी हा शब्द विसरावा लागतो. बीडला आमचं गॅरेज आहे. मी शाळेत शिकवते, म्हणून मला तरी सुट्ट्या मिळतात, आणि त्या मी पाखरांमागे घालवते. पालीच्या धरणावर एकटी, लांबच्या जंगलांत ओळखी-अनोळखी बायकांबरोबर. एखादं देखणं पाखरू दिसलं की कौतुकानं शेजारी बघावं, तर नवरा नाही. याचं मला फार वाईट वाटायचं.

या हिवाळ्यात घाटातल्या सदाहरित जंगलात, एका संशोधन केंद्रावर जायचं ठरलं, तेव्हा मी हट्टच धरला. नवऱ्यानं अट घातली, "येतो. पर एकदाच. मजा न्हाई आली तर परत माझ्या मागं लागायचं न्हाई."

पहिला दिवस वाया गेला. आमच्याकडे उघड्या माळावर लांबचा पक्षीही नजरेत भरतो. इथे झाडांवर वेली, वेलींवर शेवाळ. चहूकडून आवाज, पाखरू एकही नाही. "हितं नुसती पानंच हायेत की," हे म्हणाले आणि जांभई दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही केंद्राच्या जीपपाशी उभे होतो. तिथली संशोधक मुलगी समोरच्या फळांनी लगडलेल्या झाडाबद्दल सांगत होती. तेवढ्यात सूंऽऽ सूंऽऽ असा जोराचा आवाज आला. सगळ्यांच्या माना वर. भलाथोरला धनेश, पिवळीधमक चोच घेऊन, डोक्यावरून चालला होता! मी आनंदानं नवऱ्याचा दंड धरायला हात पुढे केला, तर हे जागेवर नाहीत. हे जीपच्या मागच्या चाकाशी ओणवे.

"आरं, हवा चाललीय बे टायरची!" हे ड्रायव्हरवर ओरडले.

धनेश गेला. ड्रायव्हर तर पोट धरून खालीच बसला. मलाही हसू आवरेना, आणि रागही.

"अहो, पक्षी होता तो! त्याच्या पंखांचा आवाज."

"पंखाचा? येवढा?" ह्यांना चेष्टाच वाटली. मुलीनं मोबाइलवर धनेशाचा फोटो दाखवला, तो हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "परत येतो का ह्यो?"

"फळं आहेत तोवर येणार. आज नाहीतर उद्या," मुलगी म्हणाली.

आम्हाला तर दुपारीच निघायचं होतं. तोवर आम्ही त्या झाडाखाली मान वर करून उभे राहिलो. धनेश काही आला नाही. संपलं, आता हे पुन्हा कशाला येतात, असं म्हणत मी खोलीत जाऊन बॅग भरली. बाहेर ह्यांचा फोन चालला होता, कुणा गिऱ्हाइकाशी.

"न्हाई मालक, गाडी उद्या न्हाई भेटायची. पार्ट आलाय वो, मीच न्हाई. हितं एका मोठ्या पाहुण्याची भेट राहिलीय."

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गॅरेज उघडणारा माणूस हा! मला त्या पाखराचा चक्क हेवा वाटला. डोळे पुसले आणि भरलेली बॅग पुन्हा पलंगावर उपसली.