सार्जंट गिल्बर्टचं गॅरेज

मी इन्फन्ट्रीत शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर दहा वर्षं काढली आणि मेजर म्हणून बाहेर पडलो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी माझी ओळख करून दिली की लोक काश्मीरचं काहीतरी सांगा म्हणतात. मी थोडंफार सांगतो. पण जी ड्यूटी डोक्यातून जात नाही ती सैन्यातली नव्हती. ती अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या एका पार्किंग गॅरेजवरची होती, आणि त्या ड्यूटीत जो गेला तो दुसऱ्याच देशाचा सार्जंट होता.

माझी बायको मृणाल एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करते. तिला अ‍ॅमस्टरडॅमची नोकरी मिळाली तेव्हा माझं कमिशन नुकतंच संपलं होतं. मीही आलो. तिच्या परमिटवर मला काम करायची परवानगी होती, पण काम नव्हतं. कंपनी कमांडरचा अनुभव इथे कोणाला नको असतो. मी डच शिकलो, सुरक्षारक्षकाची परीक्षा दिली आणि एका सिक्युरिटी कंपनीत शिफ्ट लीडर झालो. २०१५च्या पावसाळी ऑक्टोबरात माझी पोस्टिंग त्या गॅरेजवर झाली. घरापासून सायकलने जवळ होतं.

झुइडओस्टमध्ये रेल्वेच्या एका बाजूला ऑफिसं आणि दुसऱ्या बाजूला फ्लॅट आहेत. सकाळी स्टेशनातून बाहेर पडणारी लॅपटॉपवाली माणसं ऑफिसांकडे जायची. त्यात आपलीही बरीच. त्याच वेळी ऑफिसातले संडास आणि फरशा साफ करून काळी माणसं फ्लॅटकडे परत निघालेली असायची. सुरिनामची, घानाची, कुरासावची. डोमिनिकन बायकाही बऱ्याच होत्या. दोन्ही रांगा समोरासमोरून जायच्या. कोणी कोणाकडे बघायचं नाही.

गॅरेज फ्लॅटच्या बाजूला होतं. वरच्या मजल्यावर गाड्या उभ्या राहत. खालचा मजला कित्येक वर्षं रिकामा पडला होता आणि तिथे या लोकांनी आपला बाजार उभा केला होता. एका कोपऱ्यात स्वयंपाकघर, पुढे वेण्या घालायचं दुकान, सायकल दुरुस्ती, शिवणकाम. मालकाने कधीतरी तोंडी परवानगी दिली होती आणि ते भाडं वेळेवर देत होते. बँकेने त्यांच्यातल्या एकालाही कर्ज दिलं नव्हतं. मशीन, शेगड्या, फ्रीज सगळं त्यांनी भिशीवर घेतलं होतं. आपल्याकडे बायका लावतात तशीच भिशी. सुरिनामी लोक तिला कासमोनी म्हणतात.

हा सगळा बाजार सार्जंट गिल्बर्ट चालवत होता. कुरासाव या डच राज्यातल्याच कॅरिबियन बेटावरचा माणूस, उंच, काळाभोर, चाळिशीचा. डच सैन्यातून अफगाणिस्तानात जाऊन आलेला. स्फोटात डाव्या कानाचा पडदा गेला होता. पहिल्या दिवशी मी राउंडला खाली उतरलो तेव्हा तो रॅम्पच्या तोंडाशी उभा होता.

"नवीन आलास?"

"हो. शिफ्ट लीडर."

"तू सैनिक आहेस. चालण्यावरून कळतं. कुठला?"

मी सांगितलं. रँकही सांगितली.

"मेजर," तो म्हणाला आणि माझ्या युनिफॉर्मवरचा सिक्युरिटी कंपनीचा बिल्ला बघून हसला. "आणि आता ज्यांना आम्हाला बाहेर काढायचंय, त्यांच्या दारात उभा राहतोस."

त्याचं म्हणणं खरं आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते आठवड्याभरात कळलं. गॅरेज नव्या मालकाने घेतलं होतं आणि त्याला तिथे हॉटेल बांधायचं होतं. त्याचा मॅनेजर बास आमच्या ब्रीफिंगला आला. तरुण, गुळगुळीत, प्रत्येक वाक्यानंतर हसणारा. कोर्टात जायला वेळ लागतो, म्हणाला. लोक आपणहून गेले तर सगळ्यांना बरं. माल उतरवायला आलेल्या गाड्या अडवा. येणाऱ्या गिऱ्हाइकांना ओळखपत्र विचारा.

"लेखी ऑर्डर द्या," मी म्हणालो.

"लेखी कशाला? कॉमन सेन्स आहे."

"मग होणार नाही."

तो हसला. माझ्या हाताखालचा डेनिस नावाचा गार्ड मात्र हसला नाही. त्याला ही माणसं आवडत नव्हती. "हे लोक फुकटचं खातात," तो म्हणायचा. त्याच बाजारातून रोज दुपारी भात आणि चिकन घेऊन जायचा.

बाजारातल्या लोकांनाही मी आवडत नव्हतो. स्वयंपाकघर चालवणारी योलांडा डोमिनिकन होती, ठेंगणी आणि तोंडाने तिखट. मी समोर आलो की ती स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलायची आणि बाकीच्या बायका हसायच्या. कपडे शिवणारी हेलन सुरिनामची, सत्तरी ओलांडलेली. तिला सगळे तांते, म्हणजे मावशी म्हणत. तिने मला एकदा थेट विचारलं, "तुझ्या बायकोला टॅक्समध्ये सवलत मिळते ना? परदेशातून आलेल्या हुशार लोकांना मिळते ती?"

मिळत होती. मी हो म्हणालो.

"मी इथे चाळीस वर्षं कर भरतेय," ती म्हणाली आणि मशीन चालू केलं.

मृणाल तिच्या कामात हुशार आहे, त्यात शंका नाही. पण गिल्बर्ट जन्मापासून या राज्याचा नागरिक होता, त्यांच्या झेंड्याखाली लढून आला होता, आणि नोकरीच्या अर्जावर झुइडओस्टचा पत्ता दिसला की त्याला उत्तरच यायचं नाही. शेवटी त्याने अर्ज करणं सोडलं आणि गॅरेज झाडून काढलं.

नोव्हेंबरमध्ये एकदा त्याने मला कॉफी दिली. आम्ही रॅम्पवर उभे होतो. समोरून बास ऑफिसच्या कोणाला तरी घेऊन जागा दाखवत फिरत होता.

"नगरपालिकेची बाई आली होती," गिल्बर्ट म्हणाला. "म्हणाली, तुमच्यासाठी योजना आहे, ट्रेनिंग आहे. मी म्हटलं, आम्हाला शिकवू नका. आम्हाला फक्त अडवू नका."

"मग?"

"मग ती म्हणाली, माझा टोन आक्रमक आहे."

मला हसू आलं. त्याला आलं नाही. त्या दिवसापासून तो मला मेजर म्हणायचा तेव्हा त्यात पूर्वीचा टोमणा कमी असायचा. मैत्री म्हणता येणार नाही. एकाच प्रकारच्या पोस्टवर उभे राहिलेले दोन लोक, एवढंच.

डिसेंबरच्या सुरुवातीला खालच्या मजल्याची वीज गेली. 'दुरुस्ती' असा कागद लागला. दुरुस्तीला कोणीही आलं नाही. दिवे गेले, फ्रीज गेले आणि हवा बाहेर फेकणारे मोठे पंखेही बंद पडले. गिल्बर्टने भाड्याने जनरेटर आणला आणि रॅम्पवर, शटरच्या थोडा आत ठेवला. वर फूटपाथवर ठेवला तर पोलीस दंड करतील, अशी बासने धमकी दिली होती. शटर उघडं असेपर्यंत धूर बाहेर जात होता. मी स्वतः उभं राहून बघितलं आणि बासला फोन केला.

"शटर कोणत्याही परिस्थितीत बंद करायचं नाही. आत लोक आहेत आणि जनरेटर चालू आहे. वीज द्या."

"नोंद घेतली," तो म्हणाला.

त्या शनिवारी बाजारात मोठी ऑर्डर होती. चर्चचा कार्यक्रम होता आणि योलांडाच्या बायका सकाळपासून रांधत होत्या. पाऊस पडत होता. जेवणाची वेळ टळून गेल्यावर मी वरच्या मजल्याच्या टोकाला राउंडवर होतो. वॉकीटॉकीवर बासचा आवाज आला. तो त्या दिवशी स्वतः कंट्रोल रूममध्ये बसला होता.

"लीडर, रॅम्पचं शटर खाली घ्या. मालकाचे पाहुणे येतायत. हा पसारा दिसता कामा नये."

"निगेटिव्ह. जनरेटर आत आहे. आत लोक आहेत."

"थोडाच वेळ."

"निगेटिव्ह. मी शटर बंद करणार नाही. कोणीही करायचं नाही. कन्फर्म करा."

कन्फर्मेशन आलं नाही. मी पुन्हा कॉल दिला. मग डेनिसचा आवाज आला, दबका. "लीडर, त्यांनी मला बटण दाबायला सांगितलं. मी दाबलंय."

मी पळालो. रॅम्पपर्यंत पोचलो तेव्हा शटर जमिनीला टेकलं होतं. आत जनरेटरची घरघर ऐकू येत होती.

"डेनिस, वर घे. आत्ता."

"घेतोय. उचलत नाहीये. मोटर ट्रिप झाली."

मी शटरवर मुठी आपटल्या, ओरडलो. आतून उत्तर नाही. माणसं आत काम करत होती आणि जनरेटरच्या आवाजात त्यांना काही कळलं नव्हतं. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकं दुखतं, पाय लटपटतात, आणि माणूस दमलो म्हणून खाली बसतो. बर्फातल्या पोस्टवर बंकरमध्ये शेगडी लावून झोपलेली माणसं आम्ही अशीच गमावली आहेत. मी डेनिसला अग्निशमन दल आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं.

तेवढ्यात गिल्बर्ट आला. चर्चमध्ये जेवणाची पहिली खेप पोचवून व्हॅनने परतला होता. मला काही सांगावं लागलं नाही. शटरच्या बाजूला हाताने ओढायची साखळी होती. आम्ही दोघे तिला लटकलो. शटर गुडघ्याएवढं वर आलं आणि अडकलं. पाना अडकवून आम्ही ते तसंच धरून ठेवलं.

"आधी जनरेटर," मी म्हणालो.

मी सरपटत आत गेलो आणि जनरेटर बंद केला. गिल्बर्ट माझ्या पुढे अंधारात पळाला. योलांडा शेगडीपाशी जमिनीवर बसलेली होती, डोळे उघडे, पण ओळख नाही. आम्ही तिला ओढत आणलं आणि शटरखालून बाहेर ढकललं. मग दुसरी बाई. मग वेण्यांच्या दुकानातली दोघं, ती आपापल्या पायांनी चालली. तिसऱ्या खेपेनंतर बाहेर येऊन मी फूटपाथवर ओकलो.

गिल्बर्टही बाहेर आला, वाकला, खोकला. मग मोजून बघितल्यासारखं त्याने सगळ्यांकडे पाहिलं.

"तांते हेलन?"

ती बाहेर नव्हती. तिचं मशीन अगदी मागे होतं, इमर्जन्सी दाराजवळ. ते दार बासच्या माणसांनी बाहेरून लोखंडी पट्टी मारून बंद केलं होतं.

"सार्जंट, थांब," मी म्हणालो. "फायर ब्रिगेड येतेय. मास्क घेऊन येतेय."

तो शटरकडे वळला.

"गिल्बर्ट! स्टँड डाउन! ऑर्डर आहे!"

त्याचा उजवा कान माझ्याकडे होता. त्याने नीट ऐकलं. "इथे तुला रँक नाही, मेजर," तो म्हणाला आणि आत गेला.

मी त्याच्यामागे जायला उठलो आणि पडलो. मग इमारतीला वळसा घालून, भिंत धरत, मागच्या दारापाशी गेलो. आतून धडका ऐकू येत होत्या. मी बाहेरून पट्टी ओढत होतो. पट्टी सुटली तेव्हा दार उघडलं आणि हेलन माझ्या अंगावर पडली. श्वास होता. तिच्यामागे गिल्बर्ट गुडघ्यांवर होता. तो पुढे पडला, अर्धा आत, अर्धा पावसात.

अग्निशमन दलाने बरेच प्रयत्न केले. तो हॉस्पिटलमध्ये पोचायच्या आधीच गेला.

बासने सांगितलं की शटर तांत्रिक बिघाडाने पडलं. मी पोलिसांना माझं स्टेटमेंट दिलं. डेनिसनेही दिलं. मला ते अपेक्षित नव्हतं. तो रडत होता आणि खरं बोलला. मालकाच्या कंपनीला दंड झाला, बासची बदली झाली. तुरुंगात कोणी गेलं नाही. पुढे तिथे हॉटेल उभं राहिलं. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही.

मंडळातले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेजरसाहेब, आपण इथे पाहुणे. त्या काळ्यांच्या भानगडीत कशाला पडलात? तिथून घर बदला, हार्लेमला या. जवळचंच शहर, छान वस्ती आहे."

"त्या भानगडीत माणूस मेला," मी म्हणालो.

"वाईट झालं. पण ते लोक तसेच असतात हो."

मी त्यांच्याशी परत बोललो नाही. घरी येऊन मृणालला सांगितलं. तिला तिच्या परमिटची काळजी होती, मला माहीत होतं. ती म्हणाली, "कोर्टात बोलावलं तर जाशील ना?" मी हो म्हणालो. "मग झालं. आपण कुठेही जात नाही," ती म्हणाली.

त्या बायकांनी पुढच्या वर्षी फ्लॅटखालचं एक बंद दुकान विकत घेतलं. बँक नाहीच म्हणाली. पुन्हा कासमोनी लावली, आणि या वेळी त्यांनी मृणाललाही त्यात घेतलं. योलांडाने दारावर पाटी लावली नाही. शेजाऱ्यांना ठाऊक होतं.

गिल्बर्टच्या अंत्यविधीला सैन्याकडून तुकडी आली नाही. तो गेला तेव्हा तो सिव्हिलियन होता आणि नियम तसा आहे. त्याच्या जुन्या सेक्शनमधले दोघे सैन्याची बेरे टोपी घालून आले आणि शेवटपर्यंत थांबले.

मे महिन्यात एका संध्याकाळी हा सगळा देश आपल्या मेलेल्या सैनिकांसाठी दोन मिनिटं थांबतो. त्या वेळी इथे अजून उजेड असतो. नवं दुकान झाल्यावर पहिल्या वर्षी मी तिथे गेलो. योलांडाने शेगड्या बंद केल्या. सगळ्या बायका अॅप्रनवरच फूटपाथवर येऊन उभ्या राहिल्या. हेलनसाठी खुर्ची आणली होती, पण ती बसली नाही. गाड्या थांबल्या. शहरात कुठेतरी सरकारी चौकात पुष्पचक्रं वाहिली जात होती. तिथे त्याचं नाव कोणी घेणार नव्हतं.

योलांडाने घेतलं. मोठ्याने, रँकसकट.

मग शांतता. ती संपायच्या आत हेलन म्हणाली, "दोन मिनिटं गप्प? तो असता तर आत्तापर्यंत कोणावर तरी ओरडला असता." एकदोघी हसल्या आणि मग रडल्या.

मी सावधानमध्ये उभा होतो. सिव्हिल कपड्यांत, उघड्या डोक्याने सॅल्यूट करत नाहीत. मेजर सार्जंटला आधी सॅल्यूट करत नाही. दोन्ही नियम मी दहा वर्षं जवानांकडून पाळून घेतले आहेत.

मी सॅल्यूट केला आणि गाड्या पुन्हा सुरू होईपर्यंत हात खाली घेतला नाही.